भागदाखला आणि कारभार

भागदाखला हाती आला म्हणजे कारभार हाती आला असे नव्हे, हे बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकास कोणी शिकवावयास नको. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कोणताही कारखाना घ्या; १९६० च्या सहकार कायद्याने प्रत्येक सभासदास एक मत दिले. पण अहवाल वाचून प्रश्न विचारणारे सभासद नसतील, तर ते मत निवडणुकीपुरतेच जागे होते.

मुक्त संगणकप्रणालीच्या चळवळीपुढेही आज हाच प्रश्न आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, तो ज्ञानावरील खाजगी मालकी मोडण्यासाठी. आज लिनक्सची संहिता सर्वांना खुली आहे. तथापि तिचे बरेचसे काम बड्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात, आणि चर्चा इंग्रजीत चालते. इंदापूरचा विद्यार्थी तिचा वापर करतो, निर्णयात मात्र नसतो. उलट, 'डेबियन' समूहाने १९९८ मध्ये लिखित घटना स्वीकारली. त्याचा प्रमुख दरवर्षी सदस्यांच्या मतांनी निवडला जातो.

दोन्हीकडे मागणी एकच : हिशेब आणि निर्णयांची कारणे लोकांच्या भाषेत, वेळेवर मांडली जावीत, नवख्याचा प्रश्न उद्धटपणा मानला जाऊ नये. कार्यकर्त्यांनी वार्षिक सभेपूर्वी गावोगाव अहवालवाचन सुरू करावे. दार उघडे असणे पुरेसे नाही. आत बसावयास जागा हवी.