तपकिरी खुणेचे मौन

नागपुरात धरमपेठेतल्या एका चौकाला कॉफी हाउस चौक असेच म्हणतात. कॉफी आणि साहित्यचर्चा यांचे नाते आपण इतके गृहीत धरलेले आहे की, त्या टेबलावर कॉफीबरोबर काय खाल्ले जाते आणि कोणाला ते खाता येत नाही, याकडे आम्ही (हे ‘आम्ही’ म्हणजे बहुतांशी कशाचीच चौकशी करावी न लागणारे) कधी पाहिलेच नव्हते. परवा एका व्याख्यानानंतर शहरातल्याच एका साखळी-कॉफीगृहात बसलो असता ते पाहावे लागले. सोबत मराठीत एम. ए. करणारी, मोमिनपुऱ्यात राहणारी एक विद्यार्थिनी होती. काचेच्या कपाटातल्या पाट्या ती ज्या सावकाशीने वाचत होती, त्या सावकाशीने आम्ही कविताही वाचत नाही.

पाटीवरची हिरवी खूण शाकाहाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याने विचारण्याआधीच देते. हलाल खाणाऱ्यालाही तिचा आधार असतो. पण तो अपुरा. केकमध्ये रम घातलेली असली तरी पदार्थ शाकाहारीच ठरतो, कारण त्या खुणेला मद्याशी कर्तव्य नाही. तपकिरी खूण तर त्याहून मुकी. अंड्याचा केक, चिकन सँडविच आणि डुकराच्या चरबीत तळलेला पदार्थ यांना ती एकाच रंगात रंगवते. यातले अंडे तिला चालते. चिकन हलाल पद्धतीने कापलेले असेल तर चालते. तिसरे कदापि नाही. केकवरच्या मूसमध्ये जिलेटिन असेल, तर ते कोणत्या प्राण्याचे, हा आणखी एक प्रश्न. म्हणजे ही खूण मुळात शाकाहाऱ्याच्या नजरेने लिहिलेली आहे. त्या नजरेपलीकडचे सगळे तिला सारखेच दिसते. संहितेचा अभिप्रेत वाचक कोण, हे वर्गात शिकवणाऱ्यांना याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

मग विचारावे, असे कोणी म्हणेल. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत कोणते मीठ घातले, हे आपण खुशाल विचारतो; ‘जैन’ पर्याय तर छापलेलाच असतो. परंतु ‘हलाल’ हा शब्द आता मोठ्याने उच्चारण्याजोगा राहिलेला नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्ड्सने एका ग्राहकाच्या प्रश्नाला ‘आमच्या सर्व उपाहारगृहांकडे हलाल प्रमाणपत्र आहे’ असे उत्तर दिले आणि बहिष्काराची हाक उठली. नोव्हेंबर 2023मध्ये उत्तर प्रदेश सरकारने, निर्यातीचा माल वगळून, हलाल-प्रमाणित उत्पादनांवर बंदी घातली. मार्च 2025मध्ये आपल्या राज्यात झटका मांसासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली. एवढे झाल्यावर गल्ल्यापाशी रांगेत उभे राहून हा प्रश्न विचारायचा, तर मागे कोण उभे आहे हे आधी पाहावे लागते. तिने पाहिले. आम्ही ते पाहणे पाहिले.

खाजगी संस्थांनी शुल्क घेऊन प्रमाणपत्रे द्यावीत की नाही, यावर मतभेद असू शकतात; आमच्यातही आहेत. पण आमची मागणी प्रमाणपत्राची नाहीच. पाटीवर दोन ओळी अधिक असाव्यात: अंडे आहे, जिलेटिन अमुक प्राण्याचे, मद्य नाही, कोंबडी अमुक रीतीने कापलेली. ज्याला झटका हवा त्यालाही याच ओळी उपयोगी पडतील, आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यालाही. शेकडो दुकानांत एकाच चवीचा केक पोचवणाऱ्या साखळीला त्यात काय घातले हे ठाऊक नसेल, यावर आमचा विश्वास नाही.

शेवटी तिने ‘हलाल’ हा शब्द टाळून विचारले, ‘‘भाऊ, यात जिलेटिन आहे का?’’ गल्ल्यावरच्या मुलाला सांगता येईना. तो आत गेला आणि शीतकपाटातले खोकेच घेऊन आला. त्यावरची बारीक अक्षरे वाचायला आमच्यापैकी एकाचा चष्मा लागला. मैदा, साखर, अंडी, लोणी, कोको. तिने दोन तुकडे मागवले, एक घरी धाकट्या भावासाठी.