बंबाची बॅटरी बदलण्याआधी तपासा तरी!

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण उन्हाळा तोंडावर आलाय आणि विषय आपल्या सगळ्यांच्या घरादाराचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

छोट्या नगरपरिषदांच्या अग्निशमन बंबाबद्दल एक गोष्ट वारंवार ऐकू येते. आगीचा फोन आला, माणसं धावली, ड्रायव्हरने सेल्फ मारला आणि नुसतं टक्-टक्. मग कुणाच्या तरी ट्रकची बॅटरी आणा, केबल शोधा. तोवर कडब्याची गंजी जळून राख. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी ठरलेल्या: ड्रायव्हरला नोटीस आणि नव्या बॅटऱ्यांच्या जोडीचा प्रस्ताव.

माझं म्हणणं एवढंच की या दोन्हींनी प्रश्न सुटत नाही. बॅटरी का बसली हे शोधलं नाही, तर नवी जोडीही त्याच वाटेने जाते. पैसे आपले जातात आणि बंब तिथेच उभा राहतो.

बंब म्हणजे शेवटी डिझेलचा ट्रक. त्यात 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. एका जुवाला दोन बैल, असं समजा. एक बसला की दुसरा कितीही दांडगा असला तरी गाडी हलत नाही. आणि 'धक्का मारू की' म्हणणाऱ्यांनो, आता ते दिवस गेले. नव्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर विजेशिवाय डिझेलच सोडत नाही. एअर ब्रेकच्या गाडीची हवा उतरली असेल तर पार्किंग ब्रेकही सुटत नाही. शंभर पोरं लावली तरी चाक फिरणार नाही.

मालवाहू ट्रक रोज पळतो, त्याची बॅटरी रोज भरते. बंब मात्र उभा असतो. सकाळी पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पण सेल्फ मारताना शेकडो अँपिअर खर्च होतात आणि कमी रेसवर अल्टरनेटर फारसं भरत नाही. म्हणजे रोज थोडी बॅटरी आपणच रिकामी करतो. अर्धवट भरलेली बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि ती कायमची जाते.

दुसरं कारण जुगाडाचं. वायरलेस सेट, मोबाईलचं चार्जिंग, एखादा दिवा 12 व्होल्टवर चालतो, म्हणून कुणीतरी दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतं. ती बॅटरी रिकामी होत जाते. अल्टरनेटरला मात्र दोघींची बेरीज दिसते. मग एक उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी आटतं. एकाच बॅटरीत वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत असेल तर आधी ही वायर शोधा. उपाय सोपा आहे: दोन्ही बॅटऱ्यांवर 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा.

तपासणीला मोठा इंजिनिअर लागत नाही. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

1) गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. दोघींत स्पष्ट फरक दिसला तर तिथेच थांबून कारण शोधा.

2) सेल्फ मारताना मोजा. भरलेली असूनही एक 11 ला टिकली आणि दुसरी 7-8 वर कोसळली, तर दोषी कोण ते कळलं.

3) दोन्ही चांगल्या, तरी सेल्फ उचलत नाही? मग लग आणि अर्थिंगची पट्टी बघा. सेल्फ मारताना बॅटरीचा खांब आणि त्यावरचा लग यांच्यामध्ये अर्धा व्होल्ट दिसला, तर बिघाड त्या जोडात आहे. तो घासून आवळला की काम झालं.

4) इंजिन चालू असताना दोघींचे मिळून 28 च्या आसपास हवेत. 25 वर अडकले तर पट्टा किंवा अल्टरनेटर बघा. 30 कडे गेले तर रेग्युलेटर बिघडलाय.

5) हे सगळं ठीक, तरी सकाळी बॅटरी उतरलेली? मग गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. एकेक फ्यूज काढून चोर पकडा.

काम करताना आधी निगेटिव्ह सोडा, जोडताना तो शेवटी जोडा. जवळ विडी-काडी नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

कुणी म्हणेल, बॅटरी जुनी झाली की बदलावीच लागते ना? लागते. पण दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या आणि एकाच बनावटीच्या. एक जुनी, एक नवी अशी सोयरीक केली तर जुनी नवीलाही घेऊन बसते.

ड्रायव्हरला नोटीस देणाऱ्यांना एकच विचारायचंय: त्याच्या हातात मीटर दिलाय का? चार्जर दिलाय का? कंत्राटी असेल तर बिचाऱ्याला बोलायचीही चोरी. परदेशात कित्येक फायर स्टेशनांत उभी गाडी कायम चार्जरला जोडलेली असते, निघताना प्लग आपोआप सुटतो. आपल्याकडे साधा चार्जर आणि भिंतीतला एक प्लग तरी असावा!

74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांत अग्निशमन सेवेचं नाव आहे. म्हणून नगरपरिषदेकडे तीन मागण्या करूया. स्टेशनात चार्जर. आठवड्यातून एकदा अर्धा तास बंब रस्त्यावर फिरवणे आणि दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे वहीत लिहिणे. नव्या बॅटरीच्या प्रस्तावाला तपासणीचे आकडे जोडणे, आणि जुन्या बॅटऱ्या कुणाला दिल्या त्याची पावती ठेवणे. ती वही माहितीच्या अधिकारात कुणालाही मागता येईल.

14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी हार घालायला जरूर जा. पण आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला सोबत घ्या आणि त्याच्यासमोर बंबाचा सेल्फ मारायला सांगा. एका दमात सुरू झाला तर टाळ्या वाजवा. नाही झाला, तर वही मागा.