रद्दी की रेकॉर्ड?

चर्चगेटला उतरून फोर्टकडे धावणारे आपण सगळे राजाबाई टॉवरकडे बघतो ते फक्त घड्याळासाठी. नऊ बावन्न! गेला लेटमार्क! पण बॉस, १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या टॉवरखाली मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, हे किती जणांच्या लक्षात असतं?

विद्यापीठाच्या संग्रहात जुनी हस्तलिखितं आहेत. अरबी, फारसी, उर्दू पोथ्यांची वर्णनात्मक सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली, ती १९३५ मध्ये छापली गेली. संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची जी. व्ही. देवस्थळी यांची, १९४४ची. एकेक पोथी उघडायची, वाचायची आणि ती काय आहे ते लिहून ठेवायचं. कॉम्प्युटरवर ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘खरंच फायनल’ अशा फाइली करणाऱ्या आपल्याला हे झेपेल?

तुम्ही म्हणाल, पोथ्या ठीक, साध्या कागदांना कोण विचारतो? डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. त्यांची विद्यार्थी-फाइल तिथे आजही जपलेली आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल लिहिलेलं पत्र त्यात आहे. एचआरच्या कपाटात असते तसलीच फाइल, पण संशोधकांसाठी सोनं!

आता आमच्या पेणकरपाड्याचं बघा. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ची, महापालिका २००२ची. त्याआधीचं गाव शोधायचं तर घराघरांतल्या ट्रंका उघडायला हव्यात. घरपट्टीच्या पावत्या, सातबारे, लग्नपत्रिका, फोटो. आणि रिडेव्हलपमेंट आली की पहिली रवानगी होते ती याच ट्रंकांची.

आमच्याकडेही बांधाबांध सुरू आहे. आई म्हणते, “किलोच्या भावाने जाऊ दे ते.” मी आजोबांची ट्रंक अडवून बसलोय. वन बीएचकेत सगळं मावणार नाही, मान्य. म्हणून शंभरपानी वही घेतली आणि चार रकाने आखले. कागद कसला, कोणाचा, कुठल्या सालचा, घरात आला कसा. पाकिटावर नंबर, वहीत तोच नंबर. उद्या एखाद्या ग्रंथालयाने हे घ्यायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न हाच असेल.

सगळ्यात अवघड निघाले ते फोटो. त्यातले निम्मे चेहरे आता एकट्या आजीलाच ओळखू येतात, आणि आजी नव्वदीला आलीय. तेव्हा दोस्तांनो, या रविवारी मॉल राहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी पेन घेऊन बसा. पावती कधीही वाचता येईल. फोटोतलं नाव मात्र आत्ताच विचारायला हवं.