शिरस्त्राण कुणी पुरवायचे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिक शहरात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही पोलिसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तिची गणना सरकारी जुलमात केली. नाराजी समजण्यासारखी होती, पण तिचा रोख चुकला असे मला वाटते. रस्त्यावर डोके फुटते ते कष्टकऱ्याचेच, आणि संसार उघडा पडतो तोही त्याचाच. हेल्मेटविरोध हे कामगारहिताचे राजकारण होऊ शकत नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. यंत्रावर कण वा ठिणग्या उडत असतील तर डोळ्यांच्या रक्षणाची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मालकावर टाकली. पुढे २०१० साली राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते कारखाना या वाटेवरील अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीतलाच मानला गेला. म्हणजे ही वाट कामाचाच भाग आहे हे कायद्याने कबूल केले. त्या वाटेवरचे संरक्षण मात्र सातपूर-अंबडच्या कामगाराने स्वतःच्या खिशातून घ्यावे! दुचाकी विकताना हेल्मेट पुरवावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ वा नियम उत्पादकास सांगतो. ते मागून घेणारे आपल्यात किती? उलट २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तो हेल्मेटवर १८ टक्के घेऊनच.

अशा स्थितीत माणूस दंड चुकविण्यापुरते, रस्त्याकडेचे टोपीवजा हेल्मेट घेतो. १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाशिवाय असा माल विकणे बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दबून आघात शोषतो. म्हणून जबर आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. ते डोक्यावर सैल फिरता कामा नये, पट्टा हनुवटीखाली आवळलेला हवा, आणि हनुवटीही झाकणारे हेल्मेट केव्हाही चांगले. पडताना माणूस आधी हात टेकतो, तेव्हा जाड हातमोजेही चैन नव्हेत. कारखान्याने दिलेले सुरक्षा-बूट फाटकाशी काढून चपलांवर गाडी हाकणारे कामगार पाहिले की मात्र आपल्याच प्रबोधनाची लाज वाटते.

येत्या वेतनकराराच्या मागणीपत्रात प्रमाणित हेल्मेटची मागणी कामगार संघटनांनी घालावी. हेल्मेटे मागावीत ती दोन. मोटार वाहन अधिनियमाचे १२९ वे कलम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, आणि पाळी सुटल्यावर एका गाडीवरून दोघे घरी जातात.