बॅटरी निर्दोष होती

चिपळूणला आमच्या बहिणीचं घर पावाच्या फेरीवर चालतं. भाचा पहाटे साडेचारला बेकरीतून पाव उचलतो आणि मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवून खेर्डी, अलोरे, पोफळीकडची दुकानं करतो. सहाच्या आत पाव पोहोचला नाही तर दुकानदार दुसऱ्याचा घेतो, आणि आपला पाव संध्याकाळी निम्म्या किमतीलाही जात नाही. म्हणून एका पहाटे फोन आला, "मामू, गाडी परत बसली," तेव्हा आम्हाला त्या 'परत' शब्दाचीच जास्त धास्ती वाटली.

चौदा महिन्यांत ही तिसरी बॅटरी. दर खेपेला तेच. आधी हॉर्न घोगरा होतो, मग इंडिकेटर रेंगाळतो, आणि एके दिवशी सेल्फ नुसता टक् करून गप्प. जुन्या गाड्या बॅटरी मेली तरी किकवर सुरू होत. या गाडीत ठिणगीही बॅटरीच्याच जोरावर पडते, त्यामुळे ती पार उतरली की किक मारून मारून पाय दुखतो, बाकी काही होत नाही. मध्ये एकदा मेकॅनिकने रेग्युलेटरही नवा घातला होता. सात आठवडे गाडी झकास चालली. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिसऱ्या वेळी बॅटरीवाल्याने वॉरंटीत बदलून द्यायला नकार दिला. बॅटरी चार्ज करून तपासली आणि म्हणाला, "हिच्यात खोट नाही. गाडी हिला खायलाच देत नाही." बहिणीला राग आला. पण खरं सांगायचं तर आजवर कामाचं बोलणारा तोच पहिला माणूस होता.

बहादूरशेख नाक्याकडे एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. रविवारी गाडी त्यांच्याकडे नेली. चाचांनी पाना उचललाच नाही, मीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे ठीक. गाडी सुरू करून अर्धी रेस दिली, तेव्हा आकडा चौदाच्या आसपास जायला हवा. तो 12.9 वर थांबला, आणि हेडलाइट लावताच 12.4 वर आला.

मग त्यांनी इंजिनातून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचं कपलर सोडवलं. तिथे आतल्या कॉईलची वीज येते. ती घरच्या विजेसारखी एसी असते आणि रेस वाढवली की पन्नासच्या वर जाते. तिथे उघडा हात लावू नये. तिन्ही जोड्यांमध्ये आकडा सारखा आला. कुठलीही पिवळी वायर बॉडीला लागत नव्हती. म्हणजे कॉईल शाबूत. नंतर रेग्युलेटरच्या तोंडाशीच मोजलं, तर 14.2. आम्ही भाच्याकडे पाहिलं, भाचा चाचांकडे.

रेग्युलेटर 14.2 देतोय आणि बॅटरीला 12.9 मिळतात. मधले 1.3 व्होल्ट वाटेत कोण खातं?

चाचांनी मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या लाल वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावली. गाडी चालूच. 0.8 व्होल्ट. तेच काळ्या वायरीकडे केलं, 0.5. हिशेब जुळला. एवढ्या वाटेवर दोन्हीकडे मिळून एखाद-दोन दशांशाहून जास्त जाऊ नये. कपलर उघडलं तर आत हिरवी पूड, एक पिन तपकिरी, भोवतीचं प्लास्टिक मऊ पडलेलं. अर्थिंगच्या बोल्टखाली गंजाचा थर.

"गाडी पुरात होती का?" त्यांनी विचारलं.

होती. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा गाडी दुकानात सीटपर्यंत बुडाली होती. नंतर ऑइल बदललं, कार्बोरेटर साफ केला, फिल्टर टाकला. वायरिंगची कपलरं कोणी उघडली नाहीत. चिखलाचं पाणी आत राहिलं आणि गंज सावकाश चढत गेला. गंजाने अडथळा वाढतो, अडथळ्याने जोड तापतो, तापल्याने तो आणखी जळतो. रेग्युलेटर बिचारा आपल्या तोंडाशीच मोजतो. त्याला वाटतं 14.2 झाले, पुरे. बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळतच नाही.

आणि नवा रेग्युलेटर घातल्यावर सात आठवडे गाडी का चालली? कपलर काढून पुन्हा दाबताना पिना एकमेकींवर घासल्या, थोड्या उजळल्या. गुण त्या घासण्याचा होता, श्रेय गेलं नव्या रेग्युलेटरला. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली, कारण त्या वेळी "आता झालं काम" असं बहिणीला आम्हीच छातीठोकपणे सांगितलं होतं.

दुरुस्ती तासाभराची निघाली. दोन्ही कपलरं नवी, पिना नीट दाबून बसवलेल्या. अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली. रेग्युलेटरपासून बॅटरीपर्यंत जाड लाल आणि काळी वायर थेट ओढली, लालवर फ्यूज. जोडांवर पेट्रोलियम जेली. भाच्याने हौसेने लावलेले दोन जादा दिवे मात्र चाचांनी काढून त्याच्या हातात ठेवले. गाडी सुरू केली, हेडलाइट लावला, बॅटरीवर 14.1.

खर्च साडेतीनशे रुपये. आधीच्या बॅटऱ्या आणि रेग्युलेटर मिळून साडेपाच हजारांच्या वर गेले होते. पावाच्या फेरीत एवढे पैसे सुटायला किती पहाटा लागतात, हे बहिणीने आम्हाला बोटांवर मोजून दाखवलं.

भाच्याने चारशेचा साधा मीटर घेतला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला गाडी चालू ठेवून तो बॅटरी मोजतो आणि आकडा दुकानाच्या भिंतीवर, पुराच्या पाण्याच्या खुणेखाली, पेन्सिलीने लिहितो. आता अकरा आकडे झालेत. शेवटचा 14.0.