पाण्यात मुरलेला युरिया



पाणी बिघडले म्हटले की आपले बोट लगेच मळीच्या पाण्याकडे जाते. तिथे कारखान्याची जबाबदारी आहेच, ती कोणी टाळू नये. परंतु आणखी एक दोष असा आहे की त्याला ना रंग, ना वास. तो म्हणजे नायट्रेट. आणि तो आपल्याच शिवारातून विहिरीत उतरतो.

कित्येक गावांची नळपाण्याची विहीर ओढ्याकाठी आणि चहूबाजूंनी ऊस. युरिया फोकून वर पाट भरून पाणी सोडले की पिकाला न लागलेले नत्र नायट्रेट होऊन खाली मुरते. उकिरडे, शोषखड्डे यांचाही हातभार असतो. पण म्हणून आपला वाटा नाकारता येणार नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुने या मर्यादेपलीकडे निघाले. सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील, बाटलीचे दूध पिणाऱ्या बाळाला. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, बाळ निळे पडते. अशा वेळी पाणी उकळून भागत नाही. उलट पाणी आटते अन् नायट्रेटचे प्रमाण वाढते. तुरटी, टीसीएलचाही इथे उपयोग नाही.

‘पोतं जास्त टाकलं की टनेज वाढतं’ असे काही मंडळी म्हणतात. माझे स्पष्ट मत आहे की हा तोट्याचा हिशेब आहे. सुरू उसाला शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची, म्हणजे एकरी 100 किलो. युरियाची 45 किलोची जेमतेम पाच पोती झाली, आणि मिश्रखतातले नत्रही त्यातच धरायचे. तेही एकदम नव्हे: लागणीला 10 टक्के, दीड-दोन महिन्यांनी 40, तीन-चार महिन्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40. जादा नत्राने ऊस लोळतो, साखर उतारा घटतो. म्हणजे पैसे आपले गेले आणि पाणी गावाचे नासले!

तेव्हा माती तपासूनच खत टाका, आणि ते मातीआड करा. येत्या ग्रामसभेत उठून एकच विचारा: आपल्या विहिरीत नायट्रेट किती? आकडा फलकावर लिहायला लावा. शेजारच्या घरातले तान्हे बाळ हे विचारू शकत नाही. आपल्यालाच विचारावे लागेल.

— ऊस विकास अधिकारी