पन्नास शब्दांची चाचणी आणि कॅब्रामॅटाची सरकारी शाळा

३१ ऑगस्ट २०२५ रोजी सिडनी, मेलबर्न आणि ऑस्ट्रेलियातल्या इतर शहरांत स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे निघाले. मोर्चाच्या प्रचारसाहित्यात भारतीयांचा वेगळा उल्लेख होता. भारतात जन्मलेल्यांची संख्या त्या देशात आता नऊ लाखांच्या पुढे गेली आहे. २०२४ मध्ये परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये इंग्लंडनंतर त्यांचाच क्रमांक लागत होता. शिष्यवृत्ती मिळवून किंवा कर्ज काढून तिथे शिकायला गेलेली आपल्या समाजातली मुले-मुलीही त्यांत आहेत. त्यामुळे आपल्याकडे लगेच एकच प्रश्न विचारला गेला: ‘तिथे जाणे आता सुरक्षित आहे का?’

प्रश्न रास्त आहे. पण चळवळीतल्या माणसाने त्याच्या पुढचाही एक प्रश्न विचारला पाहिजे. मोर्चे एका दिवसाचे असतात. बाहेरून आलेल्या माणसांना त्या समाजात सामावून घेण्याचे रोजचे काम कोण करते? त्याचे उत्तर शोधताना संसदेपेक्षा आणि विद्यापीठांपेक्षा उपनगरातल्या साध्या सरकारी हायस्कुलांकडे पाहावे लागते. अशा एका शाळेची ही गोष्ट आहे.

सिडनी शहराच्या मध्यापासून नैऋत्येला सुमारे तीस किलोमीटरवर कॅब्रामॅटा हे उपनगर आहे. तिथले कॅब्रामॅटा हायस्कूल १९५८ साली सुरू झाले. सातवी ते बारावी, मुले-मुली एकत्र, प्रवेशासाठी परीक्षा नाही. परिसरात राहणाऱ्या मुलाला शाळेने घ्यायचेच, असा नियम.

१९५८ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९०१ च्या स्थलांतर प्रतिबंध कायद्याने ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांखेरीज इतरांसाठी दार बंद केले होते. ‘आशियाई माणसाला प्रवेश नाही’ असे मात्र त्या कायद्यात कुठेच लिहिलेले नव्हते. लिहिले होते ते एवढेच, की अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा उतरवून दाखवा. भाषा कोणती, हे अधिकाऱ्याने ठरवायचे. इंग्रजी येत असेल तर दुसरी कोणती तरी. १९३४ साली एगॉन किश या झेक लेखकाला देशात येऊ द्यायचे नव्हते. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याची चाचणी थेट स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली गेली. शेवटी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा ही नव्हे. किश गोरा होता, त्याच्यामागे वकील आणि वर्तमानपत्रे उभी राहिली. ज्या चिनी आणि भारतीय माणसांना बंदरावरूनच परत पाठवले, त्यांची नावे कुणाला माहीत नाहीत. ही चाचणी रद्द झाली ती १९५८ च्या स्थलांतर कायद्याने. म्हणजे ज्या वर्षी भाषेची ती भिंत कागदावरून पुसली गेली, त्याच वर्षी ही शाळा उघडली.

जातीचे नाव न घेता जात पाळण्याचे तंत्र आपल्याला चांगले ठाऊक आहे. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचे होते. शाळा सरकारी होती, प्रवेश मिळालेला होता, फी भरलेली होती. पण संस्कृतच्या शिक्षकाने अस्पृश्य मुलाला शिकवायला नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. शाळेच्या दारातून आत आलेल्या मुलाला भाषेच्या दारात अडवण्याचाच हा प्रकार होता.

कॅब्रामॅटात आधी आले युरोपीय. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने इथे स्थलांतरितांसाठी वसतिगृह बांधले होते. इटली, पोलंड, युगोस्लाव्हियातून आलेली कुटुंबे तिथे उतरत, काम मिळाले की आसपास घर घेत. १९७३ साली गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियाचे धोरण अधिकृतपणे संपले, १९७५ साली वंशभेदविरोधी कायदा आला. त्याच १९७५ मध्ये सायगाव पडले आणि कंबोडियात पोल पॉटची राजवट आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून जीव वाचवून निघालेली हजारो माणसे निर्वासित छावण्यांतून सिडनीत पोहोचली, आणि स्वस्त घरे व आधीच उभी असलेली वसतिगृहे यांमुळे कॅब्रामॅटाच्या आसपास स्थिरावली. त्यांत बौद्ध मोठ्या संख्येने होते. आज कॅब्रामॅटातला सर्वांत मोठा धर्मगट बौद्धांचा आहे. जवळच्या वेदरिल पार्कमध्ये व्हिएतनामी बौद्धांचे फुओक ह्यू विहार आहे, एडन्सर पार्कमध्ये लाओ बौद्धांचे, तर बॉनीरिगमध्ये चिनी परंपरेचे मिंग्युए ले विहार.

या मुलांपैकी अनेकांची मधली चार-पाच वर्षे शाळेविना गेली होती. ख्मेर रूजने तर शाळाच बंद केल्या होत्या, शिक्षकांना मारले होते. चौदा वर्षांचा मुलगा, इंग्रजी शून्य, स्वतःच्या भाषेतही दुसरीच्या पुढे गेलेला नाही. त्याला कोणत्या वर्गात बसवायचे? वयाप्रमाणे नववीत बसवले तर त्याला काही कळणार नाही, आणि ज्ञानाप्रमाणे दुसरीत बसवले तर तो अपमानाने शाळा सोडेल.

त्यावर न्यू साउथ वेल्स राज्याने काढलेला मार्ग म्हणजे ‘इन्टेन्सिव्ह इंग्लिश सेंटर’. कॅब्रामॅटा हायस्कूलच्याच आवारात असे केंद्र आहे. नव्याने देशात आलेले हायस्कूलच्या वयाचे मूल आधी तिथे जाते. वर्ग लहान असतात. राज्यातले शैक्षणिक वर्ष चार सत्रांचे असते आणि साधारण तीन-चार सत्रे मूल या केंद्रात काढते. पण नुसते इंग्रजी व्याकरण तिथे शिकवत नाहीत. विज्ञान, गणित, भूगोल हे विषय शिकवता शिकवता त्यांची इंग्रजी शिकवतात. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्याला काय म्हणतात आणि ‘निरीक्षण नोंदवा’ म्हणजे नेमके काय करायचे, हे आधी. सोबत मुलांची भाषा बोलणारे सहायक असतात, घर आणि शाळा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारे कर्मचारी असतात. मग मूल मुख्य हायस्कूलमध्ये जाते, आणि तिथेही इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांसाठी वेगळे शिक्षक असतातच.

शाळेच्या सुविधा म्हटल्या की आपण इमारत, मैदान, संगणक मोजतो. तिथेही ते सर्व आहे. पण मला सर्वांत महत्त्वाची सुविधा वाटते ती हे केंद्र. त्याचा फोटो माहितीपत्रकावर चांगला येत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या राज्यात सातवी-आठवीत तंत्रविद्या हा विषय सर्वांना सक्तीचा आहे. त्यासाठी सरकारी हायस्कूलमध्ये लाकूडकाम-धातूकामाच्या कार्यशाळा आणि स्वयंपाकाच्या ओट्यांचे वर्ग असतात. डॉक्टरचा मुलगा रंधा मारतो, मुली धातू कापतात, मुलगे भाजी चिरतात आणि त्याचे गुण मिळतात. हाताने काम करणाऱ्याला हलके समजणाऱ्या देशातून आलेल्या सवर्ण कुटुंबांना हे तास कसे वाटत असतील, असा प्रश्न मला पडतो. जात सामानात बांधून नेता येते, हे आता तिथल्या सरकारी यंत्रणेच्याही लक्षात आले आहे. ऑस्ट्रेलियन मानवाधिकार आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या वंशवादविरोधी राष्ट्रीय आराखड्यात जातिभेदाची दखल घेतलेली आहे.

या शाळेचे सगळे सुरळीत झाले असे मुळीच नाही. १९९० च्या दशकात कॅब्रामॅटा म्हणजे हेरॉइन, असे समीकरण होते. रेल्वे स्थानकाबाहेर उघड विक्री चाले, टोळ्यांत कोवळी मुले ओढली जात. १९९४ साली स्थानिक आमदार जॉन न्यूमन यांची त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. पोलिसांनी वस्तीकडे कशी पाठ फिरवली यावर राज्याच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने चौकशी केली, २००१ मध्ये अहवाल आला. अशा वस्तीतल्या मुलाला नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहितानाच पेन थांबवावे लागते. आपल्याकडच्या अनेक वस्त्यांचा अनुभव वेगळा नाही.

त्या काळात शाळेने जे केले ते दिसायला छोटे होते. दरवर्षी ‘शांतता दिन’ पाळायचा, आणि बाहेरच्या जगाला आत बोलवायचे. युद्ध पाहून आलेली मुले जिथे शिकतात तिथे शांतता हा सुविचाराच्या फळ्यावरचा शब्द उरत नाही. सिडनी शांतता पुरस्काराचे मानकरी या शाळेत येऊन मुलांशी बोलतात, अशी प्रथा पडली. (२००४ साली हा पुरस्कार अरुंधती रॉय यांना मिळाला होता. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’च्या त्यांच्या प्रस्तावनेवर आपल्याकडे झालेला वाद वाचकांना आठवत असेल. तो वाद मला आजही योग्य वाटतो, पण तो इथला विषय नाही.)

आता पैशाचा मुद्दा. ऑस्ट्रेलियात खासगी शाळांनाही सरकार भरपूर पैसा देते, आणि तीनपैकी एकाहून अधिक मुले बिगरसरकारी शाळांत आहेत. शिवाय न्यू साउथ वेल्समध्ये हुशार मुलांसाठी परीक्षा घेऊन प्रवेश देणारी वेगळी सरकारी हायस्कुले आहेत. कॅब्रामॅटासारख्या उपनगरातले पालकही शिकवण्या लावून मुलांना तिकडे पाठवायची धडपड करतात. परिणामी परिसरातल्या शाळेत राहतात ती निर्वासितांची, भाड्याच्या घरातली, नुकती आलेली मुले. शाळांची सामाजिक-शैक्षणिक स्थिती मोजणारा जो राष्ट्रीय निर्देशांक आहे त्याची सरासरी १००० धरली जाते, ही शाळा त्याच्या खाली आहे. मात्र ही विषमता कागदावर मोजली जाते आणि तिच्या आधारे पैसा मागता येतो. डेव्हिड गॉन्स्की यांच्या समितीच्या अहवालानंतर २०१३ च्या कायद्याने सूत्र ठरले: प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम, आणि मूल गरीब घरातले असेल, आदिवासी असेल, अपंग असेल, त्याचे इंग्रजी कच्चे असेल, तर वर जादा रक्कम. सूत्र झाले तरी सरकारी शाळांना पुरी रक्कम मिळत नव्हती. शिक्षक संघटना आणि पालक दहा वर्षांहून अधिक काळ त्यासाठी भांडत राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यू साउथ वेल्सने केंद्र सरकारशी करार केला, त्यानुसार केंद्राचा वाटा २० टक्क्यांवरून २०३४ पर्यंत २५ टक्क्यांवर जाईल. म्हणजे न्यायाचे सूत्र मान्य झाल्यापासून ते पूर्ण अमलात यायला वीस वर्षांहून अधिक. श्रीमंत देशाचाही वेग असा आहे.

आपल्या वाचकांना कदाचित सर्वांत आकर्षक वाटेल अशी एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळांत धर्मशिक्षणाचा तास घेता येतो, १९९० च्या शिक्षण कायद्यात तशी तरतूद आहे. त्यानुसार बुद्धिस्ट कौन्सिल ऑफ न्यू साउथ वेल्सचे स्वयंसेवक शाळांमध्ये बौद्ध मुलांना धम्म शिकवतात. ‘आपल्याकडेही असे हवे’ अशी प्रतिक्रिया लगेच येते. मला ते पटत नाही. तिथल्या तरतुदीचा मोठा लाभ ख्रिस्ती चर्चना होतो, आणि जी मुले तासाला बसत नाहीत त्यांचे काय करायचे यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी या तरतुदीची बाजू मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर अनेक धर्मांचा आणि त्यांच्यातल्या वादांचा देश होता. ते दार एकदा उघडले तर जिल्हा परिषदेच्या शाळेत धम्माचा तास आधी येईल की दुसरेच काही, हे शाळांमधले पूजाअर्चेचे प्रसंग पाहणाऱ्याला सांगावे लागू नये. धम्म शिकवायला आपली विहारे आहेत. ती रविवारी सकाळी कुलूपबंद असतात, हा दोष आपला आहे.

घ्यायचेच असेल तर भाषेचे ते केंद्र घ्यावे. आणि ते आपल्या कायद्यात आधीच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम ४ सांगते, की शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश द्यायचा आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. नियमांत त्याचा कालावधी किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे आहे. कॅब्रामॅटातल्या चौदा वर्षांच्या ख्मेर मुलाचा जो प्रश्न होता, तोच ऊसतोडीवरून मार्चमध्ये परतलेल्या बीडच्या मुलीचा, वीटभट्टीवरच्या कातकरी मुलाचा, गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या पोराचा आहे. वसईकडे विधायक संसदेने नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, पुढे साखरशाळा आल्या. प्रयोग आपल्याकडे कमी झाले नाहीत. पण प्रयोग करणारी माणसे थकली की काम थांबते. कॅब्रामॅटाच्या केंद्राला शिक्षकांची मंजूर पदे आहेत, मुख्याध्यापक बदलला तरी ती राहतात. फरक इथे आहे.

आपल्याकडे मूल पटावर येते, मागच्या बाकावर बसते, पुस्तकातली मराठी त्याच्या घरच्या बोलीशी जुळत नाही, आणि दोन वर्षांनी ‘शिक्षणात रस नाही’ असा शेरा पडतो. तेवढ्यात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव आला. ज्या मुलाला जवळची शाळाच टिकवत नव्हती, त्याने आता लांबच्या शाळेत जायचे.

७ नोव्हेंबर हा बाबासाहेबांचा साताऱ्याच्या सरकारी शाळेतला प्रवेशदिन आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्या दिवशी कार्यक्रम होतीलच. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, कलम ४ खाली यंदा किती मुले दाखल झाली, त्यांना शिकवायला कोणता शिक्षक नेमला आणि त्याला मुलांची बोली येते का, ही माहिती अर्ज करून मागता येते.